शेंदराखालचा नंबर

"मुंजा, ये आता बाहेर! हरलो आमी!"

छबूनं चावडीच्या ओट्यावरून तिसऱ्यांदा हाक मारली. उत्तर नाही! लपंडाव सुरू होऊन अर्धा तास झाला होता, मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि मुंजाला अजून भूक लागली नव्हती. म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड होती.

एवढ्यात चावडीच्या मागच्या खोलीची खिडकी करकरली आणि मुंजा धपकन खाली पडला. केसांत कोळिष्टकं, तळहात लालभडक!

"आक्का! आत देव हाय! दोन चाकांचा देव!"

छबू पोट धरून हसायला लागली. "आरं येड्या, देव कशाचा! फटफटी हाय ती. दसऱ्याला पूजतेत तिला."

"फटफटी?" रुक्मीनं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की छबूचं हसू तिथंच थांबलं.

रुक्मी म्हणजे रुख्मिणी, वय तेरा. सेलूहून सुट्टीला ती मावशीकडं, सोनपेठच्या अलीकडल्या जांभूळगव्हाणला आली होती. मावशीचे यजमान रंगनाथ गुरुजी यांची गेल्याच जूनमध्ये, म्हणजे १९७३ साली, इथल्या शाळेत बदली झाली होती. मुंजा त्यांचा मुलगा, अकरा वर्षांचा. आणि छबू ही गावच्या कोतवालाची, भुजंगकाकांची लेक. चावडीची किल्ली तिच्या घरात खुंटीला टांगलेली असायची, त्यामुळं गावातली निम्मी सत्ता आपल्याकडं आहे असं तिचं ठाम मत होतं.

"मला दावा ती फटफटी," रुक्मी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

तिघंही खिडकीतून आत उतरली. खोलीत मोडकी खुर्ची, फुटका ढोल, जमीन मोजायची साखळी आणि भिंतीला टेकून ती. लांबट, चपटी टाकी. टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे बसतील असे खळगे. हँडल खाली वाकवलेलं, बसायला एकट्यापुरती सीट. चाकं बसली होती, तारा गंजल्या होत्या. आणि इंजिनाच्या पोटावर तळहाताएवढा शेंदराचा जाडजूड थर! वर गेल्या दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ.

रुक्मी हललीच नाही. ही टाकी, हे खळगे, हे वाकवलेलं हँडल तिनं रोज पाहिलं होतं. सेलूच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एक लहानसा फोटो होता. त्यात तिचे वडील सुग्रीव अशाच गाडीवर बसून हसत होते.

सुग्रीव हैदराबादला एका साहेबाच्या कारखान्यात मिस्त्री होते. साहेबाला शर्यतीच्या मोटारसायकलींचा भारी नाद! विलायतेहून हॅल्डन नावाच्या गाड्या यायच्या आणि त्यांची इंजिनं खोलायची, जुळवायची, मैदानावर पळवून बघायची ती सुग्रीवनी. साहेबानं शर्यतींचा नाद सोडला तेव्हा एक गाडी त्यांना देऊन टाकली. दर महिन्याला ते त्या गाडीवरून घरी यायचे. तिचा आवाज म्हणे सेलूच्या रेल्वे फाटकापासून ऐकू यायचा. तो ऐकला की आई चुलीवर तवा ठेवायची. सुग्रीव दारात येऊन पाय धुईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. आणि आई म्हणायची, "लांबून आलाव. आधी जेवा."

दहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात मात्र आवाज आलाच नाही. सुग्रीव आले ते एसटीनं, तापानं फणफणलेले. गाडी वाटेतल्या कुठल्याशा गावी ठेवून आले होते. "चावडीत हाय. नीट हाय," एवढंच म्हणत राहिले. कोणत्या चावडीत, ते सांगायला शुद्ध राहिली नाही. चौथ्या दिवशी ते गेले. रुक्मी तेव्हा तीन वर्षांची होती.

हैदराबादपासून सेलूपर्यंत चावड्या काय कमी होत्या! आई बिचारी कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुट्टी मिळेल तशी दहा-बारा गावं फिरली आणि मग थकली. "तुला आवाज आठवतो का गं तिचा?" ती कधीकधी विचारायची. "आठवतो की!" रुक्मी सांगायची. ते खोटं होतं. तिला आवाज आठवत नव्हता, वडिलांचा चेहराही फोटोतलाच ठाऊक होता. काहीच आठवत नाही याचंच तिला फार वाईट वाटायचं.

"कोन हाय रं आत?"

दार उघडून भुजंगकाका आत आले. मुलीला बघून ते कपाळावर हात मारणार, तेवढ्यात त्यांना रुक्मीचा चेहरा दिसला आणि त्यांनी हात खाली घेतला.

"काका, ही गाडी कुनाची?"

"कुनाला ठाव, बाई! आमच्या बापाच्या कोतवालीत कुनीतरी ठिवून गेलं. बाप त्याच साली वारला, अन् गाडी न्यायला कुनी आलंच न्हाई. बेवारस म्हनून रजिस्टरात चढलीय." भुजंगकाका आठवत आठवत म्हणाले. "आता नवी चावडी बांधायलेत. परवा तलाठीसाहेब येनार, अन् भंगारवाला गाडा घिऊन येनार. सगळं लोखंड मोडीत."

"परवा!" रुक्मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काका, तिचा नंबर सातशे शेचाळीस हाय का? आमच्या गाडीच्या पावतीवर ह्योच हाय. बघा ना, सातशे शेचाळीसच असंल!"

भुजंगकाकांनी गाडीच्या हँडलखालची लोखंडी मान अंगठ्यानं पुसली. तिथं ठोकलेले इंग्रजी आकडे स्वच्छ दिसले. २२४६ आर.

"रजिस्टरातबी ह्योच हाय," ते म्हणाले. "सातशे शेचाळीस न्हाई गं बाई."

रुक्मी खिडकीतून बाहेर पडली आणि चालायला लागली. मुंजा आणि छबू तिच्या मागं मागं निघाले.

संध्याकाळी मावशीच्या अंगणात रुक्मी पत्र्याची पेटी उघडून बसली. पेटीत वडिलांची वही होती. ही वही ती कुठंही गेली तरी बरोबर न्यायची. वहीत एक सुटं पान होतं. त्यावर शिसपेन्सिल घासून नंबर उमटवला होता. नाण्यावर कागद ठेवून छाप काढतात ना, तसाच. ५/७४६. त्यातला इंग्रजी सात दोनदा ठोकल्यासारखा दुहेरी दिसत होता. खाली चावडीचा गोल शिक्का होता, पण घामानं शाई इतकी पसरलेली, की गावाचं नाव वाचणं कुणाच्या बापाला जमलं नसतं! वडिलांच्या खिशात सापडलेली ती पावती होती.

"आक्का, रडायलीस का?" मुंजानं विचारलं.

"न्हाई."

"मग डोळ्यातून काय गळायलंय?"

"गप बस रं!" छबूनं त्याला कोपरानं ढोसलं.

"रडायलेच मी," रुक्मी म्हणाली. "मला वाटलं, सापडली. मला वाटलं, ती टाकी माझ्या ओळखीची हाय. आता आईला काय सांगू? तशीच होती, पण ती न्हवती?"

मुंजाला कुणी रडलेलं अजिबात सहन व्हायचं नाही. त्यानं वही उचलली, कानाला पेन्सिल लावली आणि एसटीच्या कंडक्टरच्या थाटात वाचायला सुरुवात केली. "चला, बोला! मान एकवीसशे अठ्ठ्याण्णव आर, पोट पाच छेद सहाशे अठ्ठ्याण्णव! कुनी उतरनार हाय का? पुढं चला! मान बावीसशे चौदा आर, पोट पाच छेद सातशे चौदा!"

छबू खुदकन हसली. रुक्मीनं मात्र डोळे पुसायचे सोडले.

"काय वाचलंस? पुन्ना वाच!"

"मान बावीसशे चौदा..."

"मान!" रुक्मी ताडकन उठली. "मान म्हंजी गाडीची मान! भुजंगकाकांनी नंबर कुठं बघितला? मानेवर!"

वहीत पानोपानी असे जोड होते. वर 'मान', खाली 'पोट', आणि दोन्हींपुढं घासून काढलेले छाप. दहा वर्षं रुक्मी आणि आई ती पानं उलटत होत्या आणि हे काहीतरी माप असावं असं समजत होत्या. खरी गाडी समोर असल्याशिवाय मान कुठली नि पोट कुठलं, कसं कळणार!

"म्हंजी एका गाडीला दोन नंबर?" छबूनं विचारलं. "एक वर, सांगाड्यावर. अन् एक खाली, इंजिनावर?"

"अन् दोन्ही येगळे!" रुक्मी म्हणाली. "मुंजा, एकवीसशे अठ्ठ्याण्णवातून सहाशे अठ्ठ्याण्णव गेले?"

मुंजानं बोटं मोजली, बोटं संपली, मग त्यानं काटकीनं मातीत वजाबाकी मांडली. "पंधराशे!"

"बावीसशे चौदातून सातशे चौदा?"

"पंधराशे!"

"पुढचं पान. बावीसशे एकतीस, सातशे एकतीस."

"आक्का, पंधराशे!" मुंजा नाचायलाच लागला. "सगळ्यास्नी पंधराशेच!"

आता रुक्मीनं स्वतः काटकी घेतली. वर लिहिलं, चावडीतल्या गाडीची मान, २२४६. खाली लिहिलं, पावतीवरचा नंबर, ७४६. रेघ मारली. पंधराशे.

तिघंही मातीतल्या त्या आकड्याकडं बघत उभी राहिली. मग मुंजा धावत जाऊन गुरुजींना ओढून घेऊन आला.

रंगनाथ गुरुजींनी वजाबाकी तपासली, वही तपासली आणि चष्मा काढून पुन्हा घातला. पहिल्या पानावर सुग्रीवनी पुसट, बारीक अक्षरात लिहिलेलं, आजवर कुणालाच नीट न लागलेलं, त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'मानेमागे आर असला तर शर्यतीची. पोटाआधी पाच म्हणजे पाचशे सीसीचं इंजिन. मिस्त्रीनं गाडी पोटावरून ओळखावी.'

"वा! म्हणून त्यांनी पावतीवर पोटाचा नंबर घेतला," गुरुजी म्हणाले. "आणि रजिस्टर लिहिणाऱ्यानं मानेचा. बाळांनो, गणित बिनचूक आहे. पण तलाठी गणिताला मानत नाही, तो डोळ्यांना मानतो. पोटावरचा नंबर त्याला दाखवावा लागेल."

"त्याच जागी शेंदूर हाय," छबू हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी शेंदूर खरवडायची परवानगी मागितली, तर भुजंगकाकांनी कानावर हात ठेवले. धुरपताआजीला विचारल्याशिवाय त्या शेंदराला बोट लावायची गावात कुणाची टाप नव्हती. पहिला शेंदूर तिनंच लावलेला आणि दर दसऱ्याला लावायची तीच. आणि धुरपताआजी लेकीकडं पोखर्णीला गेलेली! बुधवारी सकाळच्या गाडीनं येणार होती.

बुधवारी सकाळी आजीच्या आधी तलाठी वैजीनाथराव आले. सायकलीमागं भंगारवाल्याचा बैलगाडा, गाड्यात दोन घण. रुक्मीनं वही पुढं करून सगळं सांगितलं. वैजीनाथरावांनी वही उलटी धरून पाहिली.

"पोरी, रजिस्टर मी स्वतः लिहिलंय. नोकरीतली माझी पहिली नोंद! बदल्या होऊन पुन्हा इथं आलो, पण नोंद जशीच्या तशी. त्यात सातशे शेचाळीस आहे?"

"न्हाई. पन गाडीवर असंल साहेब! खाली बघितलं तर..."

"रजिस्टर म्हणजे रजिस्टर! भुजंग, उघड कुलूप."

भुजंगकाका घरी गेले आणि डोकं खाजवत परत आले. "साहेब, खुंटीला किल्ली न्हाई."

"नाही म्हणजे?"

"काल होती."

सगळी शोधाशोध झाली. माठाखाली पाहिलं, पाटाखाली पाहिलं, भुजंगकाकांनी बंडीचे खिसे दोनदा उलटे केले. छबू सगळ्यांच्या पुढं राहून, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात शोधत होती! शेवटी वैजीनाथराव वैतागले. "मी पाटलांकडं जेवून येतो. तोवर सापडली नाही तर कुलूप तोडू!" भंगारवाला गाड्याखाली सावलीत आडवा झाला आणि घोरायला लागला.

"छबे," रुक्मीनं तिला कोपऱ्यात ओढलं, "किल्ली कुठाय?"

"चरायला गेलीय," छबू शांतपणे म्हणाली.

शेळीच्या गळ्यात, घुंगरामागं! तिघं ओढ्याकडं धावली. शेळीला वाटलं, हा नवा खेळ आहे. तिनं बाभळीभोवती मुंजाला पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि सहाव्या फेरीला तोच तिच्या अंगावर पडला. किल्ली हातात आली, तेव्हा मुंजाच्या सदऱ्याची एक बाही शेळीच्या तोंडात होती.

परत येतात तो सडकेवर एसटी थांबलेली आणि धुरपताआजी डोक्यावर गाठोडं घेऊन उतरत होती. रुक्मीनं धावत जाऊन गाठोडं घेतलं आणि चालता चालता सगळं सांगून टाकलं. आजी ऐकून थांबली.

"शेंदूर खरवडायचा? न्हाई, बाई. मी कुनाला हात लावू द्यायची न्हाई."

"आजी," छबू मधे पडली, "आपल्या मारुतीची खोळ निघाली होती की न्हाई? शेंदराचा थर लय जाड झाला, अन् अख्खा सुटला. तवा कुनी खरवडला न्हवता. तुमीच म्हनला होता, आता ह्यो देवानं सोडला. मग आपून तो गंगेत सोडला. हिचीबी खोळच काढू. कोमट तेल लावून, हळूहळू."

आजी रुक्मीकडं बघत राहिली. "तुजा बाप होता का तो?"

"मला ठाव न्हाई आजी," रुक्मी म्हणाली. "तेच तर बघायचंय."

आजीनं पदर खोचला. घरी जाऊन तिनं वाटीभर करडीचं तेल कोमट केलं आणि ती स्वतःच चावडीत आली. गाडीपुढं बसकण मारून तिनं थराच्या कडेकडेनं तेल सोडलं, बोटानं दाबलं, पुन्हा सोडलं. मुलं तिच्याभोवती उकिडवी बसून बघत होती. बाहेर भंगारवाला घोरत होता.

"बाजाराहून यायले होते मी," आजी हात न थांबवता बोलायला लागली. "ह्याच ओट्यावर बसला होता. डोळे लाल, अंगाची भट्टी. मी तांब्याभर पानी दिलं. भुजंगाच्या बापाकडून कागदावर शिक्का मारून घेतला, अन् एसटी आली तवा मला म्हनला, मावशी, गाडीला कुनाला हात लावू दिऊ नका. माझ्या लेकीला टाकीवर बसवून फिरवायचंय. मी म्हनलं, जा बाबा, म्या हाय. मग हात कसा लावू द्यायचा? पोरं खेळायची, कुनी नट काढायचं, कुनी तार. म्हनून दसऱ्याला शेंदूर लावला. शेंदूर लागला की मानूस हात आखडतं. दर साली लावला. नाव इचारायचं तेवढं राहून गेलं."

रुक्मीनं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. वडिलांनी तिच्याबद्दल बोललेलं एक वाक्य दहा वर्षं या गावात होतं, आणि तिला ते आज मिळत होतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि ती रडलीही.

"सुटायली! आजी, सुटायली!" मुंजा ओरडला.

थराची एक कड उचलली गेली. आजीनं दोन्ही हातांनी ती धरली, आणि दहा दसऱ्यांचा शेंदूर एकाच तुकड्यात तिच्या ओंजळीत आला. तिनं तो पळसाच्या पानावर पालथा ठेवला. खालची बाजू गुळगुळीत होती आणि तिच्यावर आकडे उमटले होते, उलटे, आरशातल्यासारखे!

आणि इंजिनावर? बाकी गाडी गंजली होती, पण तेला-शेंदराखाली ती तळहाताएवढी जागा आत्ताच कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत होती.

५/७४६.

"कोण आहे आत? किल्ली कुठून आली?" वैजीनाथराव दारात उभे होते. मागं भुजंगकाका, रंगनाथ गुरुजी आणि जागा झालेला भंगारवाला.

"साहेब, वाका," रुक्मी म्हणाली.

"काय?"

"जरा खाली वाकून बघा, साहेब."

वैजीनाथराव वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. रुक्मीनं वहीतलं कोरं पान त्या आकड्यांवर धरलं आणि पेन्सिल घासली. मग तो नवा छाप आणि वडिलांची पावती त्यांच्यापुढं शेजारी शेजारी धरली. तोच पाच, तोच चार, तोच सहा. आणि तोच सात, दोनदा ठोकलेला!

"हा आकडा हातानं ठोकतात, साहेब. ठोकणाऱ्याचा हात हलला की असा दुहेरी होतो," गुरुजी म्हणाले. "असा सात दुसऱ्या गाडीवर शोधून सापडायचा नाही."

वैजीनाथरावांनी रजिस्टर मागवलं. स्वतःच्या दहा वर्षांपूर्वीच्या अक्षराकडं पाहिलं. कान लाल झाले होते.

"मानेवरचा नंबर उभ्या उभ्या दिसला, तोच लिहिला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वाकायला हवं होतं. पण त्या दिवशी नवी पांढरी पँट होती."

मुंजाला हसू फुटलं, पण गुरुजींनी डोळे वटारल्यामुळं ते त्यानं फाटक्या बाहीत दाबलं.

वैजीनाथरावांनी 'बेवारस' हा शब्द खोडला. त्यापुढं सावकाश लिहिलं, 'मालक सुग्रीव, राहणार सेलू. वारस पत्नी सुमनबाई व कन्या रुख्मिणी.' मग टोपी काढून ते म्हणाले, "मुलांनो, दहा वर्षांत मला जमलं नाही ते तुम्ही दोन दिवसांत केलंत. आणि किल्लीचं काय झालं होतं, ते मी विचारणार नाही!"

भंगारवाल्यानं घण गाड्यात टाकले. "मला काय, लोखंड लोखंडच," तो पुटपुटला. पण जाताना त्यानंच फटफटी आपल्या गाड्यात घालून गुरुजींच्या अंगणात पोचवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी आजीनं मुलांना बरोबर घेऊन शेंदराची खोळ गंगेत, म्हणजे गोदावरीत सोडली.

गुरुजींचा निरोप मिळताच सुमनबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांनी गाडीला हात लावला नाही, नुसत्या टाकीकडं बघत राहिल्या. मग धुरपताआजीजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी तिचे शेंदरानं अजून लालसर असलेले हात हातात घेतले.

सरकीच्या ट्रकमधून गाडी सेलूला गेली. सुग्रीवच्या ओळखीचे नागनाथ मिस्त्री तिच्यावर तीन आठवडे राबले. सुट्टी संपायला चार दिवस उरले होते, मुंजा आणि छबूही सेलूला आले होते, तेव्हा एका संध्याकाळी मिस्त्रींनी मुलांना रेल्वे फाटकापाशी बोलावलं.

"सुमनबाईला सांगितलं का?"

"न्हाई. आई जिनिंगमधून आत्ताच आलीय."

मिस्त्रींनी गाडी ढकलत पळवली, उडी मारून बसले, आणि ती गरजली! फाटकाजवळचे बैल बिथरले, मुंजानं दोन्ही कान दाबले. रुक्मी मात्र कान देऊन उभी होती. तिला वाटलं होतं, आवाज ऐकला की आठवेल. वडिलांचा हात, मांडी, काहीतरी. पण काहीच आठवलं नाही. आवाज नवाच होता.

"बस," मिस्त्री म्हणाले. "मागं न्हाई, पुढं. टाकीवर."

"मी मोठी झालेय आता, काका."

"झालीस तर झालीस. त्यानं म्हनलं होतं ना? बस."

रुक्मी पाय दुमडून टाकीवर बसली. टाकी गरम होती. गाडी फाटक ओलांडून, जिनिंगच्या भिंतीकडेनं, बाजारातून तिच्या गल्लीत शिरली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. म्हातारे एकमेकांना सांगत होते, "सुग्रीवची हाय! सुग्रीवची फटफटी!" मागून छबू आणि मुंजा धुरळा खात धावत होते.

दारात आई दिसली नाही. मिस्त्रींनी गाडी बंद केली. रुक्मी उतरून आत गेली.

आई चुलीपुढं बसली होती. चुलीत जाळ होता, तवा तापला होता आणि तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. भाजी झालेली नव्हती, पीठही अर्धंच मळलेलं. हात पिठानं भरलेले तसेच होते.

"फाटकापाशी आवाज आला," आई तिच्याकडं न बघता म्हणाली. "अन् बघ ना, हातानं तवाच ठिवला. मला ठाव हाय की तो न्हाई यायचा. हाताला कुठं ठाव हाय."

रुक्मी तिच्या पाठीला चिकटून बसली. दारात मिस्त्री, छबू, मुंजा आणि निम्मी गल्ली उभी होती. मिस्त्री म्हणत होते, "जय भीम, सुमनबाई! तुमच्या लेकीनं बापाचं नाव काढलं. असा नंबर मलाबी वाचता आला नसता!" मुंजा मोठ्यानं सांगत होता, की शेळीला त्यानंच पकडलं होतं.

आईनं डोळे पुसले. भाकरी उतरवून ताटलीत घातली, वर मिठाची चिमूट आणि कांदा ठेवला आणि ताटली रुक्मीपुढं सरकवली.

"लांबून आलीस," ती म्हणाली. "आधी जेव."